पथ्यपत्रकातील ‘एक वाटी मूग’

पथ्यपत्रकावर ‘मूग – एक वाटी’ असे लिहून आपण निश्चिंत होतो. ती वाटी कच्च्या मुगाची की शिजलेल्या, उसळीची की पातळ वरणाची, याचा उल्लेख क्वचितच असतो. भस्मे गुंजेच्या मापाने देणाऱ्या वैद्यवर्गाने आहाराच्या मात्रेबाबत इतके सैल असावे, हे आम्हास उचित वाटत नाही.

१५० मिलिलिटरच्या वाटीत कोरडे मूग सुमारे १३० ग्रॅम मावतात. शिजवून निथळलेले मूगही जवळपास तेवढेच, सुमारे १२५ ग्रॅम भरतात. तराजूला भेद फारसा कळत नाही. परंतु शिजलेल्या मुगात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असते, म्हणून त्या वाटीतील अन्नांश कोरड्या वाटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ठरतो. हिवतापातून उठलेल्या भामरागड वा एटापल्लीकडील कृश रुग्णास आपण कच्चे एक वाटी अभिप्रेत धरावे व त्याने शिजलेले घ्यावे, तर बल येणार कोठून? उलटपक्षी वृक्कविकाराच्या रुग्णाने शिजलेल्याऐवजी कच्चे मोजून घेतले, तर प्रथिने तिप्पट पोटात जातात. वरणाविषयी तर बोलावयासच नको. त्याची वाटी किती दाट, हे घरची माणसे किती यावर ठरते.

शार्ङ्गधराचार्यांनी चार अंगुळे रुंद व चार अंगुळे उंच पात्रास कुडव म्हटले आहे. म्हणजे भार आणि आकारमान यांची सांगड घालण्याची गरज त्यांनीही ओळखली होती. यूषासाठी त्यांनी एक पल द्रव्य व एक प्रस्थ पाणी सांगितले; माप शिजण्यापूर्वीच्या द्रव्याचे आहे, शिजलेल्याचे नव्हे. आमचा आग्रह एवढाच की पथ्यातही हाच क्रम पाळावा. पल म्हणजे ४८ ग्रॅम. प्रस्थ ७६८ मिलिलिटर धरावा की द्रवद्वैगुण्याने १५३६, हा वाद आपल्या सभांसाठी राखून ठेवावा. रुग्णाच्या पत्रकावर पाणी मिलिलिटरमध्येच लिहावे.

शिजल्यावर मूग वजनाने साधारण तिप्पट होतात, हरभरा अडीचपटीपर्यंतच जातो. तरीही एक पल कोरड्या द्रव्याची निथळलेली उसळ दोहोंची वाटीहून किंचित अधिकच भरते, कारण हरभऱ्याच्या मोठ्या दाण्यांत पोकळी अधिक राहते. त्यामुळे निथळलेल्या उसळीपुरते वाटीचे माप चालून जाते. वरण व यूष यांना मात्र ते लावू नये.

१९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापे आली, तरी चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतील जुन्या माणसांच्या तोंडी पायली आणि शेर आहेतच. पायली सर्वत्र सारखी नसते, आणि एकाच पायलीत मूग व लाखोळी यांचे वजनही वेगळे भरते. (नुसते ‘वरण’ लिहिल्यास घरात लाखोळी असेल तर तीच शिजते, हेही ध्यानी असावे. धान्याचे नाव लिहावेच.)

औषधालयांच्या चालकांना आमची एक सूचना आहे. स्वच्छ मुगाच्या ४८ ग्रॅमच्या पुड्या बांधून ठेवाव्यात आणि पुडीवर ‘कोरडे मूग, एका दिवसाचे’ असे ठळक छापावे. पुडी बांधणे जमत नसेल तर रुग्णास घरची वाटी घेऊन येण्यास सांगावे, काट्यावर ४८ ग्रॅम मूग तोलून तीत ओतावेत आणि ते जेथवर येतील तेथे बाहेरून खूण करून द्यावी.