नटीचा करार कोण वाचणार?

जुन्या मराठी चित्रपटांवरचा कुठलाही लेख उघडा. शांता आपटे यांच्याबद्दल तीन गोष्टी हमखास वाचायला मिळतील. त्यांचा गाता गळा, 'कुंकू'मधली नीरा आणि त्यांचा तापट स्वभाव. गळ्याला दाद मिळते, नीरेला नमस्कार मिळतो आणि स्वभावाचे किस्से चवीने सांगितले जातात. त्या किश्श्यांच्या गर्दीत एक वाक्य असते: १९३९ साली ही बाई 'प्रभात'च्या फाटकाशी उपोषणाला बसली होती. पुढच्या ओळीत लेखक दुसऱ्या नटीकडे वळलेला असतो.

माझे भांडण त्या पुढच्या ओळीशी आहे. पगारावर काम करणाऱ्या एका बाईने कराराच्या वादातून मालकाच्या दारात बसून अन्न सोडले, ही गोष्ट 'लहर' आहे हे ठरवले कोणी?

आधी थोडी माहिती, कारण आपल्या तरुण मैत्रिणींना शांताबाईंचे नाव ठाऊक असतेच असे नाही. १९३२ च्या 'श्यामसुंदर'पासून त्या पडद्यावर आल्या. १९३४ च्या 'अमृतमंथन'ने त्यांचे नाव घरोघर पोचले. १९३६ चा 'अमरज्योती', १९३७ चा 'कुंकू', १९३८ चा 'गोपालकृष्ण'. नट्या तेव्हा खांबासारख्या उभ्या राहून गात. शांताबाईंनी गाताना हात, डोळे, मान मोकळी सोडली आणि प्रेक्षकांना ते फार आवडले. 'कुंकू' व्ही. शांतारामांनी नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून काढला. मामाने फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. घरात राहून, रोज, सगळ्यांच्या तोंडावर. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपते. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ साली झाला होता, पण मोठ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधण्यावर त्यात काही उपाय नव्हता. त्या काळात ही नीरा महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. सुधारकांनी लेख लिहिले. हिंदी 'दुनिया न माने'मुळे ती देशभर गेली.

दोन वर्षांनी तीच बाई पडद्याबाहेर तसाच नकार देती झाली. तेव्हा मात्र तो तिचा तोरा ठरला!

१९३९ हे साल नीट आठवू या. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोटला गांधीजींनी उपोषण केले. सारा देश श्वास रोखून बसला होता. त्याआधी काही महिने, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबईत कामगारांनी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात खांद्याला खांदा लावून उतरले होते. म्हणजे उपोषण कशाला म्हणतात, संप कशाला म्हणतात, मालक आणि कामगार यांचा करार म्हणजे काय, हे त्या काळच्या मराठी माणसाला शिकवायची गरज नव्हती. पुरुषाने अन्न सोडले की तो सत्याग्रह. गिरणीच्या फाटकावर हजार माणसे बसली की तो लढा. आणि नटी एकटी बसली की नखरा. कृती एकच, शब्द तीन. हे शब्द वाटण्याचा हक्क कोणाकडे होता, ते वेगळे सांगायला नको.

त्यांनी बसायला जागा कोणती निवडली तेही पाहा. रुसवा घरात करतात, दार लावून. फाटकाशी बसते ती व्यक्ती आपला वाद चारचौघांत आणते, कामावर येणाऱ्या-जाणाऱ्या सहकाऱ्यांपुढे आणि वर्तमानपत्रांपुढे मांडते. पुण्याचे ते प्रभातनगर आज फिल्म इन्स्टिट्यूट म्हणून ओळखले जाते. सिनेमा शिकायला आलेल्या कितीजणींना त्या फाटकाची ही ओळख करून दिली जात असेल?

तेव्हाच्या स्टुडिओत नटनट्या महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत. करार संपेपर्यंत दुसऱ्या कंपनीत काम करायचे नाही, भूमिका कंपनी देईल ती. नटीच्या नावावर थिएटर भरे. तिच्या हाती मात्र पगाराचे पाकीट आणि कराराचा कागद. 'कुंकू'च्या शेवटी म्हाताऱ्या काकासाहेबांना पश्चात्ताप होतो आणि ते आपला जीव देऊन नीरेला मोकळी करतात. पडद्यावर अन्याय करणारा माणूस असतो, म्हणून त्याला पश्चात्ताप होऊ शकतो. कराराला पश्चात्ताप होत नसतो. तो बदलून घ्यावा लागतो, नाही तर मोडावा लागतो. शांताबाई 'प्रभात'मधून बाहेर पडल्या.

आणि गप्प बसल्या नाहीत. १९४० साली त्यांचे 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक निघाले. नटीने लिहिलेले पुस्तक म्हटले की लोक आठवणी आणि भानगडी शोधतात. इथे मात्र सिनेमाचा धंदा भांडवलावर कसा चालतो आणि त्यात कलावंताची किंमत काय राहते, याचा विचार आहे. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींना त्यांनी डोळे उघडे ठेवायला सांगितले. मालकाच्या फाटकावरून उठलेल्या बाईने वर्षभरात लेखणी उचलावी, हा योगायोग नाही. मराठीतल्या कष्टकरी स्त्रियांच्या लेखनाची यादी कोणी करील तेव्हा हे पुस्तक तिच्यात वरच्या बाजूला असले पाहिजे. पुढे १९४१ च्या तमिळ 'सावित्री'त त्या सावित्री झाल्या (नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या), १९४९ मध्ये 'स्वयंसिद्धा' केला. १९६४ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. गाणी उरली, पुस्तक विस्मरणात गेले.

इथे कोणी म्हणेल, एकट्या शांताबाईंचा स्वभावच तसा होता, इतर नट्या कुठे बसल्या फाटकाशी? मग इतर दोघींकडे पाहू. दुर्गा खोटे यांनी एका कंपनीला बांधून घ्यायचे नाकारले आणि वेगवेगळ्या कंपन्यांत आपल्या अटींवर काम केले. त्यांचे कर्तृत्व मोठेच, पण शिक्षण आणि प्रतिष्ठित घराण्याचे नाव ही शिदोरीही त्यांच्याजवळ होती. हंसा वाडकर कलावंतांच्या घरातून आल्या, शाळेच्या वयात घर चालवायला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि जन्मभर कमावत्या असून पैशाच्या मालकीण झाल्या नाहीत. 'सांगत्ये ऐका' हे त्यांचे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' काढला आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लोक ते पुस्तक आजही 'खळबळजनक' म्हणून वाचतात. त्यातला पैशांचा हिशेब कोणी वाचत नाही. काम तिघींचे एकच. पण एकीच्या मागे घराणे होते, दुसरीच्या मागे घराचा बोजा होता आणि तिसरीला फाटकाशी बसावे लागले. जिला जे मिळाले ते घराण्याच्या किंवा हिमतीच्या जोरावर मिळाले, हक्क म्हणून काही नव्हते. आपल्या मध्य प्रांतात १९३० साली प्रसूती लाभाचा कायदा झाला होता. एम्प्रेस मिलमधल्या बाईला निदान कागदावर एक हक्क होता. नटीला तोही नव्हता, कारण ती कामगार आहे हेच कोणी मानायला तयार नव्हते.

आमच्या गटात हा विषय काढला तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा की, विडी वळणारी बाई आणि सिनेमातली नटी यांना एका तागडीत कसे घालायचे? नका घालू. दोघींची कमाई सारखी नाही, दोघींची जातही बहुधा सारखी नाही. पण बाई घराबाहेर पडून, आपले शरीर आणि आवाज वापरून काम करते, आणि त्या कामाच्या अटींबद्दल बोलली की तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाते, ही गोष्ट दोघींना लागू आहे. शिवाय पडद्यावर एक नटी दिसते तेव्हा तिच्या मागे नाचणाऱ्या, गर्दीत उभ्या राहणाऱ्या, कपडे सांभाळणाऱ्या, वेण्या घालणाऱ्या पंचवीसजणी असतात. नटीला कामगार म्हटल्याशिवाय त्या पंचवीसजणींपर्यंत आपण पोचणारच नाही.

दुसरा आक्षेप जास्त गोड भाषेत येतो. कला ही साधना आहे, तिथे हक्काची भाषा शोभत नाही! हे ऐकवणाऱ्यांना मी एवढेच विचारते की, तिकीटविक्रीच्या खिडकीवर साधना चालते का? मांडव घालणारा, ट्रकवाला, बॅटरीवाला हे सगळे आपापले पैसे मोजून घेतात. साधनेचा उपदेश नेमका बाईलाच का?

हा प्रश्न मी नागपुरात बसून विचारते आहे, त्याला कारण आहे. आपल्या पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. वडसा-देसाईगंजला कंपन्यांची कार्यालये आहेत. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. कधी काळी तिथे बायकांची कामे पुरुष करत. आता नायिका, खलनायिका, नाचणाऱ्या मुली सगळ्या बाया आहेत आणि त्यांतल्या कितीतरी आपल्या नागपूरच्या वस्त्यांतून जातात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचा मान झाला, आम्हां सगळ्यांना आनंद वाटला. पण ज्यांच्याशी मी बोलले त्या बायांपैकी एकीजवळही कराराचा कागद नव्हता. नाईट किती ते तोंडी ठरते. प्रयोग पावसाने मोडला तर पैसे मिळतील की नाही, ते सांगता येत नाही. कपडे बदलायला आडोसा नसतो. पहाटे तीनला गाडीत शेजारी कोण बसणार, हे दुसरे कोणी ठरवते. आणि तक्रार केली तर पुढच्या हंगामात बोलावणे येत नाही. वर ऐकावे लागते ते तेच जुने: फार तोरा आहे हिला.

कायदा आहे का? सिनेमासाठी आहे. १९८१ च्या कायद्याने चित्रपट कामगारांशी लेखी करार करणे बंधनकारक झाले. २०२० च्या नव्या कामगार संहितेत तो कायदा सामावून घेतला आहे. तो सारा कॅमेऱ्यासमोरच्या आणि मागच्या कामापुरता आहे. वडशाच्या मांडवातल्या बाईपर्यंत तो पोचत नाही. आणि कायदा असून काय होते तेही केरळने दाखवले. तिथल्या चित्रपटातल्या बायांनी २०१७ साली आपली संघटना उभारली, सरकारला न्या. हेमा समिती नेमायला लावली. समितीने २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला. तो जनतेपुढे यायला ऑगस्ट २०२४ उजाडले. त्यात लैंगिक छळाबरोबर काय निघाले? संडासाची सोय नाही, कपडे बदलायला जागा नाही, लेखी करार नाही. शांताबाईंच्या उपोषणाला तेव्हा ८५ वर्षे झाली होती.

एक हत्यार मात्र आपल्या हातात आजच आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तात्पुरत्या, रोजंदारीवरच्या बाईलाही लागू आहे, कामाच्या अटी लेखी नसल्या तरी लागू आहे. कामासाठीचा प्रवासही त्यात येतो. जिथे दहापेक्षा कमी माणसे काम करतात, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

म्हणून मैत्रिणींनो, शांताबाईंची जयंती साजरी करा असे मी सांगत नाही. पुढच्या दिवाळीच्या आत तीन कामे करू या. एक पानी करारनामा साध्या मराठीत तयार करू: नाईट किती, कधी मिळणार, प्रयोग मोडला तर किती, आजारपण आले तर काय, येण्याजाण्याची सोय कोणाची. चारही जिल्ह्यांच्या कचेऱ्यांत जाऊन स्थानिक समितीत कोण आहे त्याची नावे मागू आणि ती मंडईच्या गावागावांत भिंतीवर लावू. आणि 'जाऊ मी सिनेमात?'ची प्रत मिळवून आपल्या अभ्यासवर्गात वाचू, हंगामावर निघालेल्या मुलींना सोबत बसवून.

नागपूरच्या एखाद्या मुलीने येत्या हंगामात आधी कागद दाखवा म्हटले आणि मालकाने तिला तोरेबाज ठरवले, तर ती एकटी फाटकाशी बसलेली दिसता कामा नये. तिच्या शेजारी आपण असायला हवे.