फळी वळवू नका, कलती करा

हिमक्रीडेची चित्रे पाहताना वाचकांच्या नजरेस कधी तरी असे दृश्य पडले असेल : एका अरुंद फळीवर दोन्ही पाय जखडलेला खेळाडू उतारावरून खाली येत आहे, त्याचे अंग बर्फाला जवळजवळ टेकले आहे आणि त्याच्यामागे उमटली आहे ती केवळ एक बारीक, कमानदार रेघ. या प्रकारास आल्पाइन स्नोबोर्डिंग म्हणतात आणि अशी रेघ कोरीत वळण्याच्या कौशल्यास कार्व्हिंग. १९९८ साली जपानमधील नागानो येथे स्नोबोर्डिंगला ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले, तेव्हापासून या अरुंद फळीच्या शर्यती तेथे होत आल्या. २०१८ साली चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का हिने तर स्कीइंगची एक आणि स्नोबोर्डची एक, अशी दोन सुवर्णपदके एकाच ऑलिंपिकमध्ये मिळविली.

आपल्याकडेही गुलमर्ग येथे २०२० साली भरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत स्नोबोर्डिंगचा समावेश होता. साध्या, मऊ बुटांवर हा खेळ शिकलेल्या तरुणांना पुढे आल्प्समध्ये किंवा जपानमध्ये जाण्याची संधी मिळाली, की हार्ड बुटांचा मोह होणे स्वाभाविक आहे. आपल्या घरात असे कोणी असेल, तर पुढील चार गोष्टी त्याच्या उपयोगी पडतील.

प्रथम साहित्य पाहू. हार्ड बूट म्हणजे स्कीच्या बुटांसारखे, बकलांनी आवळावयाचे प्लॅस्टिकचे कठीण बूट. ते धातूच्या पट्टीवजा बाइंडिंगमध्ये घट्ट बसतात, त्यामुळे पायाची लहानशी हालचालही तत्काळ फळीच्या धारेपर्यंत पोहोचते. साधी फळी मध्यभागी सुमारे २५ सेंटिमीटर रुंद असते. ही मात्र बहुधा १८ ते २२ सेंटिमीटरच असते. म्हणूनच पाय आडवे ठेवता येत नाहीत. ते ५० ते ६५ अंशांत पुढे वळवून बसवावे लागतात. बुटाचा चवडा किंवा टाच फळीबाहेर राहिली, तर ऐन वळणात ती बर्फाला लागते, धार उचलली जाते आणि खेळाडू फेकला जातो. तेव्हा कोनाचा आकडा दुसऱ्याचा पाहून ठरवू नये. आपला बूट आणि आपली फळी यांवरून ठरवावा. शर्यतीची १८० सेंटिमीटरहून लांब, ताठ फळी नवशिक्याने घेऊ नये. १६० ते १६५ सेंटिमीटरची, कडेच्या कमानीची त्रिज्या १० ते १२ मीटर असलेली फळी आरंभी पुरेशी होते.

आता या खेळाचे मर्म पाहू. फरशीवर घरंगळणारे नाणे ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस वळते. त्यास कोणी वळवीत नाही. फळीचेही तसेच आहे. तिच्या कडा आत कमानदार असतात. ती कलती केली, की शरीराच्या भाराने वाकते आणि तिची पोलादी धार स्वतःच वर्तुळाचा मार्ग धरते. कल जितका अधिक, तितके वर्तुळ लहान. १२ मीटर त्रिज्येची फळी ६० अंशांत कलती केली, तर वळणाची त्रिज्या ढोबळमानाने ६ मीटरवर येते. मात्र अशा कलात तोल राहण्यास ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेग लागतो. वेग नसताना छायाचित्रातल्यासारखे अंग झोकून देणारा नवशिका पडतो, त्याचे कारण हेच.

म्हणून पहिला पाठ अगदी साधा ठेवावा. यंत्राने दाबून सपाट केलेला, रुंद आणि सौम्य उतार निवडावा. त्यावर आडवे जात फळी एका धारेवर कलती करावी आणि ती आपोआप उताराच्या वरच्या दिशेस वळून थांबेपर्यंत काहीही करू नये. मग मागे वळून आपली खूण पाहावी. रेघ पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक असेल, तर धारेने बर्फ कापला. पट्टा रुंद आणि विस्कटलेला असेल, तर फळी घसरली. चवड्याकडच्या आणि टाचेकडच्या अशा दोन्ही धारांवर रेघ बारीक येऊ लागल्यावरच पुढचा, अधिक उतरता मार्ग धरावा.

बहुतेकांची फसगत कंबरेत होते. बर्फाला हात लावण्याच्या हौसेने ते कंबरेतून वाकतात, भार धारेवरून निघून जातो आणि फळी निसटते. गुडघे व घोटे वाकवावेत, खांदे शक्यतो उताराशी समांतर ठेवावेत, आणि दृष्टी फळीच्या टोकावर न ठेवता वळण जेथे संपणार तेथे ठेवावी. धार बोथट झाली असेल, तर कौशल्यही व्यर्थ जाते. बोथट विळीने भाजी चिरण्यासारखेच ते. कडक बर्फावर जाण्यापूर्वी तिला कानस लावून घ्यावी.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या नियमांनुसार मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळून मार्ग निवडावयाचा असतो. परंतु कार्व्हिंग करणारा उताराची सारी रुंदी व्यापतो आणि क्वचित वरच्या दिशेनेही वळतो. मागच्यास त्याची कल्पना नसते. त्याच नियमावलीप्रमाणे, उतारावर वरच्या दिशेस जाणाऱ्याने आधी वर आणि खाली पाहणे बंधनकारक आहे. टकरीनंतर दोष कोणाचा, या वादाने मोडलेले हाड जुळत नाही. तेव्हा शिरस्त्राण घालावे, गर्दी नसलेली सकाळची वेळ साधावी आणि प्रत्येक मोठ्या वळणापूर्वी खांद्यावरून वर एक दृष्टी टाकावी.

घरातील तरुणास निरोप देताना, वाचकहो, एवढे अवश्य सांगा : पहिल्या दिवशी आपण किती खाली झुकलो हे मोजू नकोस, किती रेघा बारीक आल्या, ते मोज.