निष्ठा आणि दंतकथा

'लीजंड' हा शब्द अलीकडे मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर इतका स्वस्त झाला आहे की, शे-दीडशे सामने खेळलेला आणि निरोपाच्या दिवशी डोळे पुसणारा कोणताही फुटबॉलपटू त्याच्या क्लबचा लीजंड ठरतो. या शब्दाला आपल्याकडे दंतकथा हा जुना प्रतिशब्द आहे. आख्यायिका हाही आहे. परंतु दंतकथा या शब्दात एक अट उघडपणे सांगितलेली आहे. जी तोंडोतोंडी चालत आली ती दंतकथा. म्हणजे तिला पराक्रम करणारा एक माणूस लागतो आणि त्याचा पराक्रम सांगत राहणारी अनेक माणसे लागतात. फुटबॉल क्लबचा खेळाडू दंतकथा केव्हा होतो, हा प्रश्न मराठीच्या अध्यापकांनी हाती घ्यावा याचे काहींना नवल वाटेल. परंतु कथा कशी घडते आणि कशी टिकते, हा मुळात वाङ्मयाचाच प्रश्न आहे. निष्ठेचे कोणते रूप समाज स्मरणात ठेवतो, हा प्रश्न तर केवळ मैदानापुरताही उरत नाही.

प्रचलित उत्तर सोपे आहे. जो एकाच क्लबमध्ये राहिला तो निष्ठावान, आणि जो निष्ठावान राहिला तो लीजंड. पाओलो माल्दिनी १९८५ पासून २००९ पर्यंत एसी मिलानकडून खेळला. फ्रान्चेस्को तोत्ती १९९३ पासून २०१७ पर्यंत रोमाकडून. दोघेही आपापल्या शहरांत पूज्य आहेत. मात्र दोघांच्या कथा सारख्या सुरात सांगितल्या जात नाहीत. माल्दिनीच्या मिलानने त्या काळात युरोपचे अजिंक्यपद पाच वेळा मिळवले. ज्या घरी रोज पंगत बसते, ते घर सोडून जाण्याचा मोह कोणाला व्हावा? तोत्तीच्या वाट्याला लीगचे विजेतेपद एकदाच आले, २०००-०१ मध्ये. रेआल माद्रिदसारख्या क्लबचे दार त्याच्यासाठी उघडे असताना तो रोममध्ये राहिला. म्हणूनच त्याची गोष्ट सांगताना सांगणाऱ्याचा आवाज जरा ओला होतो. तात्पर्य, वर्षांची बेरीज ही निष्ठेची पहिली कसोटी नव्हे. राहण्यासाठी काय सोडले, हे लोक आधी विचारतात.

आपल्याकडे हीच कसोटी चुनी गोस्वामींना लावून पाहावी. १९४६ मध्ये ते मोहन बागानच्या कनिष्ठ संघात आले, १९५४ मध्ये मुख्य संघात गेले आणि १९६८ पर्यंत तेथेच खेळले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. पुढे बंगालच्या क्रिकेट संघाचेही ते कर्णधार झाले आणि १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध उतरले. इंग्लंडमधील टॉटनहॅम क्लबने त्यांना चाचणीसाठी बोलावले होते आणि ते गेले नाहीत, असे सांगितले जाते. 'असे सांगितले जाते' हेच येथे महत्त्वाचे आहे. गोलांची संख्या नोंदवहीत मिळते. न जाण्याची गोष्ट मात्र लोकांनाच जपावी लागते.

आता त्याच सुवर्णविजेत्या संघातील दुसरे नाव घेऊ. पी. के. बॅनर्जी यांनी कारकिर्दीचा बहुतांश काळ ईस्टर्न रेल्वेच्या संघातून खेळून काढला. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालची जर्सी त्यांनी खेळाडू म्हणून कधी घातली नाही. त्यांच्या संघाने १९५८ मध्ये कलकत्ता लीग जिंकली. कलकत्त्याच्या बड्या क्लबांच्या मक्तेदारीत असे क्वचितच घडले. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात राहणाऱ्यांना या निष्ठेचे कारण समजावून सांगावे लागत नाही. क्वार्टर, इस्पितळ, शाळा, इन्स्टिट्यूट आणि खेळाचे मैदान असे सारे आयुष्य रेल्वेच्या कुंपणात मावते, हे येथील पिढ्यान्‌पिढ्यांनी अनुभवले आहे. पगारी फुटबॉल आपल्याकडे रुजलेला नव्हता त्या काळात खेळाडूला आधी नोकरी हवी असे. रेल्वेने नोकरी दिली; खेळाडूने खेळ दिला. ही निष्ठा आहे की व्यवहार? आमच्या मते ती दोन्ही आहे, आणि तिच्यात लाजण्यासारखे काहीही नाही. ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता आहे त्याच्याकडून निरपेक्ष निष्ठेची अपेक्षा करणे हा सुस्थितांचा छंद आहे.

परंतु पी. के. यांची दंतकथा रेल्वेने घडवली नाही, हेही मान्य करावे लागते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध बरोबरी साधून देणारा कर्णधार म्हणून देशाने त्यांना लक्षात ठेवले. कलकत्त्याने लक्षात ठेवले ते प्रशिक्षक म्हणून. कारण सत्तरच्या दशकात आधी ईस्ट बंगाल आणि मग मोहन बागान या हाडवैरी क्लबांना त्यांनी यश मिळवून दिले आणि दोन्ही बाजूंचे प्रेम संपादन केले. रेल्वेकडे कर्मचारी होते. गॅलरीत बसून नातवाला गोष्ट सांगणारे समर्थक नव्हते. एकाच संघातली सहकारी असलेली ही दोन माणसे २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये सहा आठवड्यांच्या अंतराने गेली, तेव्हा दोघांवरही लेख आले. गोस्वामींवरच्या लेखांत क्लबचे नाव नायिकेसारखे येत होते, पी. के. यांच्यावरच्या लेखांत रेल्वे केवळ नोकरीच्या रकान्यात होती.

एकनिष्ठेच्या रूढ व्याख्येला सर्वांत मोठा धक्का योहान क्रायफ देतो. आयाक्सचा हा मुलगा १९७३ मध्ये बार्सिलोनाला गेला, पुढे परत आला, आणि १९८३ मध्ये आयाक्सने करार वाढवण्यास नकार दिल्यावर थेट कट्टर प्रतिस्पर्धी फेयेनूर्डकडे गेला. त्याच हंगामात त्याने फेयेनूर्डला लीग आणि चषक दोन्ही मिळवून दिले. रूढ व्याख्येप्रमाणे याला फितुरी म्हणावे लागेल. तथापि २०१८ पासून आयाक्सच्या मैदानालाच क्रायफचे नाव आहे. याउलट लुईस फिगो २००० मध्ये बार्सिलोना सोडून रेआल माद्रिदला गेला आणि २००२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर त्याच्या दिशेने डुकराचे मुंडके फेकण्यात आले. दोघेही शत्रूच्या गोटात गेले. मग न्याय वेगळा का? आमच्या समजुतीप्रमाणे, क्रायफच्या बाबतीत हात आधी क्लबने सोडला होता आणि हे आयाक्सच्या चाहत्यांना ठाऊक होते. लोकस्मृती भाबडी असते असे आपण समजतो. पण करार आधी कोणी मोडला, याचा हिशेब ती बराच काटेकोरपणे ठेवते. निष्ठा दुहेरी असते. एका बाजूनेच मागितली जाणारी निष्ठा ही निष्ठा नव्हे, वेठ आहे.

या प्रकाशात महाराष्ट्राकडे पाहिले की मन खिन्न होते. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक मुंबईच्या कूपरेजवर वर्षानुवर्षे रंगला. टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. मराठी वाचकांपैकी किती जणांना हे नाव ठाऊक असेल? महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. पुण्याच्या एफसी पुणे सिटीने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. ज्या क्लबचे आयुष्य ताळेबंदाच्या एका ओळीवर अवलंबून असते, त्याच्याशी खेळाडूने जन्मभर एकनिष्ठ कसे राहावे? आणि राहिलाच, तर ती गोष्ट कोणाच्या ओसरीवर सांगितली जावी?

गोव्यात चित्र थोडे निराळे आहे. तेथेही क्लब उद्योगपतींचे, पण गावागावांत फुटबॉल मुरलेला. साळगावकर संघाशी दीर्घकाळ जोडले गेलेले गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर भारताचे कर्णधार झाले. १९९७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तरीही २०१६ मध्ये देशातील स्पर्धांच्या फेररचनेला विरोध म्हणून साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. सांगणारी माणसे होती म्हणून त्यांची स्मृती टिकली, आणि धेंपो पुढे पुन्हा त्या स्पर्धेत परतला.

आणि कोल्हापूर. तेथे फुटबॉलचा संघ म्हणजे तालीम. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे कंपन्यांची नाहीत, पेठांच्या जिव्हाळ्याची आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ ओस पडते. येथे खेळाडू संघ निवडतो असे म्हणण्यापेक्षा ज्या गल्लीत जन्मला त्या गल्लीने त्याला निवडलेले असते. सांगणारी माणसे विपुल, इतकी की कित्येक वर्षांपूर्वीचा गोल कोणत्या बाजूने, कोणत्या पायाने झाला यावर आजही वाद व्हावा. उणीव वेगळीच आहे: ही सारी दंतकथा पंचगंगा ओलांडून क्वचितच बाहेर येते. शिवाय या निष्ठेलाही दुसरी बाजू आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तो गाव सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून. पुढे त्याला क्लबही बदलावे लागले. त्याला कोणी पेठेशी बेइमान म्हणेल काय? म्हणू नये. जाण्याला जसा लोभ कारण असतो तशी वाढण्याची गरजही असते, आणि निष्ठेच्या नावाखाली ही गरज दाबणारी पेठ आपल्या मुलांना लहानच ठेवते.

दंतकथेसाठी सांगणारा किती आवश्यक आहे, हे खानदेशाइतके कोणाला ठाऊक असावे? असोद्याच्या बहिणाबाई शेतात आणि जात्यावर ओव्या रचत गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या नसत्या, आणि १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना ते बाड दाखवले नसते, तर १९५२ चे ते पुस्तक निघाले नसते. मग आज विद्यापीठाला जे नाव आहे ते नाव पाटीवर कोठून येणार होते? प्रतिभा बहिणाबाईंची, यात वाद नाही. पण ती दंतकथा न होता वाङ्मय झाली, ती कोणीतरी कागद पुढे ओढला म्हणून. मराठी क्रीडालेखनाने क्रिकेटसाठी हा कागद पुष्कळ वेळा पुढे ओढला. कोल्हापूरच्या तालमींसाठी आणि कूपरेजच्या खेळाडूंसाठी तो फारच कमी वेळा ओढला गेला.

हा सारा विचार आम्हांला जवळचा वाटतो त्याचे एक कारण आमच्या पेशातही आहे. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षे शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना समारंभांतून 'संस्थेशी निष्ठा' ऐकवली जाते. शैक्षणिक वर्ष संपते तेव्हा त्यांचे वेतन थांबते. निष्ठा मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीतही चालू राहावी अशी अपेक्षा असते. आमचे बी. ए. झालेले विद्यार्थी भुसावळहून रात्रीची गाडी धरून पुण्या-मुंबईला जातात, तेव्हा 'गावात कोणी राहायला तयार नाही' असा सूर निघतो. गावाने त्यांना काय दिले, हा प्रश्न त्या सुरात नसतो. फुटबॉलने शिकवलेला न्याय येथे लावावा असे आम्हांला वाटते. निष्ठा मागण्याचा अधिकार तिलाच आहे, जी संस्था स्वतः हात सोडत नाही.

म्हणून लीजंड हा शब्द वापरताना तीन प्रश्न विचारावेत. या माणसाला जाता येत होते काय? राहताना किंवा जातानाही त्याने दिलेला शब्द पाळला काय? आणि त्याची गोष्ट सांगावी असे वाटणारी माणसे त्याच्यामागे आहेत काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे खेळाडूने द्यायची असतात. तिसऱ्याचे उत्तर क्लबने, गावाने आणि लेखणी हाती असलेल्या आपणा सर्वांनी द्यायचे आहे. कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या आजोबांकडून पेठेतल्या जुन्या गोलरक्षकाची हकीकत ऐकून ती तारीखवार उतरवून काढली, तर तो प्रकल्प आम्ही कोणत्याही कादंबरीवरील प्रबंधाच्या तोडीचा मानू.