आवर्तन ‘लांबले’ म्हणजे नेमके काय?

शिरूर तालुक्याला चासकमानच्या डाव्या कालव्याचे, तर दौंडला खडकवासल्याच्या नव्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी मिळते. उन्हाळ्यात ‘आवर्तन लांबले’ असे कानावर आले, की त्याचे दोन उलट अर्थ निघतात. आवर्तन अजून सुटायचे असेल, तर पाणी उशिरा येणार. सुटलेले असेल, तर ते आणखी काही दिवस चालणार. शब्द एकच, पण पहिल्या अर्थाने ऊस करपतो आणि दुसऱ्या अर्थाने भिजतो.

असे का होते?

‘लांब’ हा शब्द संस्कृत ‘लंब’वरून आला. ‘विलंब’ आणि ‘प्रलंबित’ हेही त्याच कुळातले. ‘लांबणे’ म्हणजे लांब होणे. संध्याकाळी सावल्या लांबतात, तेव्हा अर्थ उघड असतो. वेळेच्या बाबतीत मात्र कधी सुरुवात लांबते, तर कधी शेवट. जूनमध्ये ‘पाऊस लांबला’ म्हणजे तो आला नाही. ऑक्टोबरमध्ये म्हणजे तो गेला नाही. राज्यातला २०२१-२२चा ऊस गाळप हंगाम जूनपर्यंत लांबला, म्हणजे संपायला उशीर झाला. शेतकरी ‘तोड लांबली’ म्हणतो, तेव्हा ती सुरूच झालेली नसते आणि फडातल्या उसाचे वजन घटत असते.

‘लांबणे’ की ‘लांबवणे’?

‘लांबणे’ आपोआप होते. ‘लांबवणे’ कोणीतरी करतो. ‘चोरट्यांनी कृषिपंपाची केबल लांबवली’ या बातमीत करणारा स्पष्ट असतो. सरकारी कामात मात्र निर्णय ‘लांबणीवर टाकला’ असे क्वचितच ऐकू येते. तो ‘लांबणीवर पडतो’, जणू स्वतःच घसरून पडला. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, प्रशासक आले आणि निवडणुका वर्षानुवर्षे अशाच ‘लांबणीवर पडल्या’.

म्हणून पाण्याच्या सूचनेत नुसते ‘लांबले’ पुरेसे नाही. पाणी कोणत्या तारखेला सुटणार, कोणत्या तारखेला बंद होणार आणि बदल कोणी केला, या तीन गोष्टी लिहायला हव्यात. कालव्याच्या शेवटी शेत असलेल्यांना पेरणी, लागण आणि उसनवारी याच तारखांवर ठरवावी लागते. त्यांच्यासाठी मोघम शब्द हा भाषेचा नव्हे, पिकाचा प्रश्न आहे.