आधी यादी वाचा, मग नावे बदला



प्रयोगशाळेत लोलकाची १२० छायाचित्रे घेतली आणि त्यांच्या फाइलींना ‘लोलक-१’ पासून ‘लोलक-१२०’ पर्यंत नावे दिली, असे समजा. क्रम लावताना अनेक प्रोग्रॅम संख्येची किंमत पाहत नाहीत, एकेक अक्षर पाहतात. त्यामुळे २ च्या आधी १० आणि १०० येऊन बसतात! उपाय सोपा आहे: १ ऐवजी ००१ आणि १० ऐवजी ०१० लिहावे. पण त्यासाठी ९९ नावे बदलावी लागतील. ती हाताने एकेक करून बदलणे हे कष्टाचे तर आहेच, शिवाय चुकीला आमंत्रण देणारे आहे.

त्यापेक्षा असे करा. विंडोजमध्ये ‘डिर’ किंवा लिनक्समध्ये ‘एलएस’ या आज्ञेने नावांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवा आणि टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. ‘शोधा व बदला’ या सोयीने प्रत्येक ओळीत नाव दोनदा येऊ द्या. डावीकडे जुने, उजवीकडे नवे. मग उजवीकडच्या नावात रेघेनंतर एकच अंक असेल तेथे दोन शून्ये आणि दोन अंक असतील तेथे एक शून्य घाला. असा नमुना सांगण्याच्या भाषेला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. मजकुरात असे नमुने शोधण्याची एक रीत केन टॉम्प्सन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केली. शेवटी, न बदललेल्या २१ ओळी काढून उरलेल्या ओळींच्या आरंभी नाव बदलण्याची आज्ञा जोडा. विंडोजमध्ये ती ‘रेन’, लिनक्समध्ये ‘एमव्ही’.

यात वेळ वाचतो हे खरे. पण माझ्या मते मोठा लाभ निराळाच आहे. जे घडणार आहे ते घडण्यापूर्वी डोळ्यांसमोर लिहिलेले असते. ते वाचता येते.

हे मी ठेच लागून शिकलो. माझ्या विद्यार्थ्यांनी दोन दिवस घेतलेल्या वाचनांच्या फाइलींची नावे तारखेने सुरू होत होती. तारीख मला अनावश्यक वाटली. ती सर्वत्र गाळून, यादी न वाचताच मी आज्ञा चालवल्या. दोन्ही दिवसांच्या फाइलींना एकच नावे मिळाली. ‘एमव्ही’ ही आज्ञा, वेगळे सांगितले नसेल तर, त्या नावाची आधीची फाइल न विचारता पुसून टाकते. एका दिवसाची सगळी वाचने गेली, आणि मुलांना तो प्रयोग पुन्हा करावा लागला. चूक संगणकाची नव्हती, माझी होती.

म्हणून आधी मूळ फाइलींची प्रत ठेवा. नव्या नावांची यादी क्रमाने लावून एकच नाव दोनदा आले आहे का, ते पाहा. काम झाल्यावरही ती यादी जपून ठेवा. जुने व नवे यांची अदलाबदल केली की तीच यादी परतीची वाट दाखवते.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. मुलांना संगणकावर कोठे बोट दाबायचे एवढेच शिकवू नका. आज्ञा देण्यापूर्वी ती वाचण्याची सवय लावा. वजनकाट्याचा शून्य तपासल्याशिवाय आपण वजन करीत नाही. तोच नियम येथेही लागू आहे.