द्राक्षं पाहिलीत, आता दर विचारा

दिवाळीच्या सुट्टीत बेटम्याहून नाशिकला मावशीकडे गेलो, तेव्हा दिंडोरीलाही जाऊन आलो. कादवा नदीच्या खोऱ्यातलं हे शेतकरी गाव. आसपास वाइनच्या द्राक्षांचे मळे. पाहुणे येतात, वाइन चाखतात, फोटो काढतात नि परततात. माझं म्हणणं एवढंच, की जरा थांबून शेतकऱ्याशीही बोलावं.

वाइनचं द्राक्ष बारीक, बियांचं, जाड सालीचं. खायला म्हणून बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. वाइनरीनं माल उचलला नाही, तर न्यायचा कुठं? २००८ नंतरच्या मंदीत मागणी आटली, तेव्हा नाशिक भागात कित्येकांनी वेली उपटून टाकल्या. वेल फळायला काही वर्षं लागतात हो. उपटायला एक दिवस पुरतो! 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. चांगलंच आहे, पण मानांकनानं शेतकऱ्याचा दर ठरत नाही.

आमच्या बेटम्याला सोयाबीन, गहू, बटाटा. भाव पडला तरी मंडीत कुणीतरी घेतंच. म्हणून "आपणही द्राक्षं लावू या" म्हणणाऱ्यांना सांगावंसं वाटतं: आधी दर नि उचल लेखी ठरवा, मग खड्डे खणा. बायबलच्या दृष्टांतातला द्राक्षमळ्याचा धनीसुद्धा पहाटेच्या मजुरांशी मजुरी ठरवतो, मगच त्यांना मळ्यात धाडतो. शेतकऱ्याच्या वाट्याला निदान तेवढा ठराव तरी यावा ना!