ब्रोकोलीचे पथ्य : नाव लिहिले, संस्कार राहिला

मधुमेह, स्थौल्य, मलावष्टंभ अशा रुग्णांना द्यावयाच्या छापील आहारपत्रकांत अलीकडे ‘ब्रोकोली’ हा शब्द हमखास आढळतो. शब्दापुढे काहीच नसते. ती कच्ची खावी की शिजवून, किती वेळ शिजवावी, शिजविलेले पाणी ठेवावे की टाकावे, याविषयी पत्रक मौन पाळते. मात्रा व अनुपान लिहिल्याविना औषधाची चिठ्ठी पुढे न सरकविणारे आपण, आहाराच्या बाबतीत मात्र द्रव्याचे नाव लिहून मोकळे होतो. चरकाने विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगताना प्रकृतीच्या पाठोपाठ ‘करण’ सांगितले आहे. जल व अग्नी यांच्या संयोगाने द्रव्याचे गुण पालटतात, हा तेथील मुद्दा ब्रोकोलीला जितका चपखल लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या भाजीला पडेल.

ही भाजी परकी म्हणून तिच्याविषयी बोलायचेच नाही, ही भूमिका मला मान्य नाही. ब्रोकोली मूळची इटलीकडची खरी. परंतु कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची चार रूपे आहेत, आणि पहिल्या तिघांशी आपल्या स्वयंपाकघरांचा परिचय जुना आहे. सर्व द्रव्ये नावानिशी सांगणे शक्य नाही, हे चरकानेच अन्नपानविधी अध्यायाच्या अखेरीस नमूद केले आहे. याउलट काही उत्साही मंडळी ब्रोकोलीचे रस, वीर्य, विपाक जणू ग्रंथोक्त असल्याप्रमाणे छापतात, तेही योग्य नाही. अनुमान करावे, पण ते अनुमान म्हणूनच सांगावे. अनुमानाला आधार आहे: ब्रोकोली ही मोहरीच्या कुलातील, आणि मोहरीच्या पालेभाजीस चरकाने शाकांतील सर्वांत अहितकर ठरविले आहे. तेव्हा उकडण्याचा संस्कार येथे गौण मानता येणार नाही.

भाज्या उकडाव्यात, पिळून पाणी काढावे आणि भरपूर स्नेह घालून खाव्यात, असा आपल्या ग्रंथांचा सर्वसाधारण उपदेश आहे. आधुनिक आहारतज्ज्ञ यावर नाक मुरडतात, कारण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. १०० ग्रॅम कच्च्या ब्रोकोलीत ते सुमारे ९० मिलिग्रॅम असते आणि उकळण्याचा वेळ वाढेल तसे घटत जाते. गंधकयुक्त ग्लुकोसिनोलेट द्रव्येही त्याच पाण्यात उतरतात. हे सर्व खरे आहे. परंतु पोटात वायू धरणाऱ्या काही शर्कराही त्याच पाण्यात उतरतात, हेही तितकेच खरे. पाणी चांगले तेवढे नेते वा वाईट तेवढे नेते असे नव्हे, दोन्ही नेते. म्हणून पाणी टाकावे की ठेवावे, हे रुग्णाचा अग्नी पाहून ठरवावे. विषमाग्नी, आध्मान, ग्रहणी असलेल्यास नीट उकडून, पाणी टाकून, तुपात जिरे-हिंगाची फोडणी देऊन द्यावी. थोडे जीवनसत्त्व गेले तरी उरलेले पचेल. अग्नी उत्तम असेल त्यास वाफवून द्यावी, अथवा उकळलेले पाणी वरणात किंवा कणकेत वापरण्यास सांगावे. कच्ची मात्र शक्यतो कोणासच लिहू नये. अवटु ग्रंथीचा विकार असलेल्यांनी कच्च्या ब्रोकोलीचा रस रोज घेणे तर टाळावेच.

आता प्रत्यक्ष कृती, कारण रुग्णाची गृहिणी हेच विचारते. गड्डा घट्ट व हिरवा असावा. पिवळी फुले दिसू लागली की तो जुना समजावा. तुऱ्यांत हिरव्या अळ्या दडतात, म्हणून गड्डा उलटा करून मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवावा व मग धुवावा. धुणे चिरण्यापूर्वी, नंतर नव्हे. दांडा टाकू नये. जाड साल काढली की आतला गर कोवळा निघतो. तुरे सारख्या आकाराचे करावेत. पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळू द्यावे, मीठ घालावे, आधी दांड्याच्या चकत्या आणि मिनिटभराने तुरे सोडावेत. झाकण ठेवू नये. दोन ते तीन मिनिटांत रंग गडद हिरवा होतो. त्याच क्षणी चाळणीत निथळावे. मंदाग्नीच्या रुग्णासाठी आणखी तीन-चार मिनिटे, दांडा बोटाने दबेपर्यंत. त्यापुढे रंग मळकट होतो व गंधकाचा उग्र वास सुटतो. घरोघरी ‘ब्रोकोली आवडत नाही’ ही जी तक्रार असते, ती बहुधा या वासाची असते. हिरवेपणासाठी सोडा घालण्याची हॉटेलातील युक्ती घरी आणू नये. जीवनसत्त्व जाते आणि भाजीचा लगदा होतो. लिंबू पिळायचे तर ताटात. वाफवायची असल्यास मोदकपात्र उत्तम, पाचेक मिनिटे पुरतात.

१९९२ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलाले यांच्या गटाने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळे केले आणि या भाजीची कीर्ती वाढली. हे द्रव्य भाजीत तयार स्वरूपात जवळजवळ नसते. चिरल्यावर वा चावल्यावर तिच्यातील एक विकर ते घडविते, आणि ते विकर उष्णतेने नष्ट होते. म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास ठेवून मग शिजविणे लाभदायक. दुसरा उपाय आपल्याच घरात आहे. कच्च्या मोहरीत याच प्रकारचे विकर असते. शिजलेल्या ब्रोकोलीवर चिमूटभर फेसलेली मोहरी घातली तर राहिलेले काम ती पुरे करते. फोडणीत तडतडलेली मोहरी यासाठी निरुपयोगी. पित्तप्रकृतीच्या रुग्णास अर्थातच हे सुचवू नये.

औषधालयचालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ब्रोकोलीच्या अर्काच्या कॅप्सूल मागणारा ग्राहक आल्यास वेष्टनावर काय आहे ते वाचावे. कित्येक अर्कांत सल्फोराफेनचे केवळ पूर्वद्रव्य असते, विकर नसते. मग रूपांतर आतड्यांतील जंतूंवर सोपविलेले असते आणि ते व्यक्तीगणिक कमीजास्त होते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. १०० ग्रॅम ब्रोकोलीत के जीवनसत्त्व सुमारे १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे प्रौढाच्या दिवसाच्या गरजेइतके असते, आणि ते पाण्यात विरघळत नसल्याने उकळून पाणी टाकल्यानेही जात नाही. कृत्रिम झडप बसविलेला किंवा अन्य कारणाने वॉरफरिन घेणारा रुग्ण आपल्या पत्रकावरून एकाएकी रोज वाटीभर ब्रोकोली खाऊ लागला, तर त्या औषधाचा परिणाम घटून रक्ताची गुठळी होण्याचा धोका संभवतो. तशी सवय झाल्यावर ती अचानक सोडली तर रक्तस्रावाचा. अशा रुग्णास भाजी वर्ज्य नाही, पण प्रमाण रोज सारखे हवे आणि बदल करण्यापूर्वी त्याच्या हृदयरोगतज्ज्ञास कळवून रक्ततपासणी हवी. ‘वॉरफरिन चालू आहे काय?’ हा प्रश्न आहारपत्रकाच्या पहिल्या ओळीतच छापून घ्यावा. औषधालयातही ब्रोकोलीचे कोणतेही उत्पादन देताना तो विचारावा.